वीस पगारांचं कर्ज आणि खिशातले हात

प्रश्न: मी ॲनिमेशनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोज दोन तास स्केचिंग करते. हाताने काढलेल्या टू-डी ॲनिमेशनमध्येच काम करायचं आहे; जपानचा स्टुडिओ घिबली आणि आयर्लंडचा कार्टून सलून ही माझी दैवतं. पदवीनंतर एका नावाजलेल्या संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा असं वाटतं. फी आणि राहण्याचा खर्च मिळून रक्कम माझ्या अपेक्षित सुरुवातीच्या पगाराच्या वीसपट होते. तेवढं शैक्षणिक कर्ज काढावं का? आई म्हणते, कर्ज नको, माझी मुदत ठेव मोडू. फ्रीलान्स कामातून माझ्याकडे नऊ महिन्यांच्या खर्चाइतके पैसे साठलेत आणि महिन्याचा एक तृतीयांश खर्च त्या कामातून अजूनही निघतो. स्क्रीनवाला टॅब्लेटही हप्त्यावर घेण्याचा विचार आहे. सोबत स्केचबुकची काही पानं पाठवते आहे.

उत्तर:

आधी पानांबद्दल. मला व्याज कळतं, रेषा कळत नाही. म्हणून तुमची पानं मी माझ्या एका क्लायंटला दाखवली. बारा वर्षं वेगवेगळ्या स्टुडिओत काम केलेली बाई आहे. कान खाजवणाऱ्या कुत्र्याच्या पानावर ती थांबली. मागचा पाय हवेत, पाठीचा कणा वाकलेला, सगळा भार पुढच्या एका पायावर. "हा चांगला आहे, याला वजन आहे," म्हणाली. मग पुढची पानं भराभर उलटली आणि विचारलं, "माणसांचे हात कुठायत?" मी पुन्हा पाहिलं. चौदा माणसं आणि त्यातल्या अकरा जणांचे हात खिशात, नाहीतर पाठीमागे, नाहीतर पानाच्या कडेला कापलेले. ती हसली. सुरुवातीला सगळेच हात असे लपवतात म्हणे.

हे आधी सांगितलं, कारण पैसे कुठे घालायचे याचं निम्मं उत्तर त्या अकरा जणांच्या खिशात आहे.

उरलेलं निम्मं असं: एवढं कर्ज आत्ता काढू नका, आईच्या ठेवीला हात लावू नका आणि टॅब्लेट हप्त्यावर घेऊ नका. तीनदा "नको" म्हटल्यावर कारणं द्यायला हवीत.

कर्ज १०० धरू. ते वीस पगारांइतकं, म्हणजे तुमचा पगार झाला ५. व्याज दर साल ११ टक्के, परतफेड सात वर्षांत. तुम्हाला मिळणारा दर वेगळा असेल तर तो घालून बघा, चित्र फार बदलत नाही. शिक्षणाची दोन वर्षं आणि त्यानंतरचे सहा महिने हप्ता नाही, असं धरू. हप्ता नसला तरी व्याज चालूच असतं. सरळव्याजाने अडीच वर्षांचे साडेसत्तावीस मुद्दलात मिसळतात, म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर १०० नाही, १२७.५ असतात. हप्ता येतो महिन्याला साधारण २.१८ आणि पगार ५, म्हणजे पगारातले जवळजवळ ४४ टक्के. सात वर्षांत एकूण १८३ फेडायचे. रक्कम टप्प्याटप्प्याने उचललीत तर थोडी सूट पडेल, इतकंच.

४४ टक्के हप्ता भरून माणूस जगतो, तसे जगणारे मी पाहिलेत. तुमच्या बाबतीत माझी अडचण वेगळी आहे. तुमच्या क्षेत्रात सुरुवात होते ती क्लीनअप आणि इनबिटवीनपासून. दुसऱ्याने काढलेल्या दोन मुख्य पोझच्या मधली चित्रं भरायची, रेषा स्वच्छ करायची, आणि हे करता करता शिकायचं. हात तिथेच बसतो, पण पैसे कमी असतात. जपानमध्ये तर बऱ्याच ठिकाणी इनबिटवीनरला चित्रामागे मोबदला मिळतो. क्योटो ॲनिमेशनसारखा स्टुडिओ कलाकारांना नियमित पगार देतो याचं कौतुक होतं ते म्हणूनच. आता समजा, तुम्हाला आवडणाऱ्या छोट्या टू-डी स्टुडिओने वर्षभराची ट्रेनी म्हणून जागा देऊ केली. हप्ता नसेल तर तुम्ही हो म्हणाल. हप्ता असेल तर जाहिरातींच्या मोशन ग्राफिक्सचं, म्हणजे हलत्या अक्षरांचं आणि आकृत्यांचं, जास्त पगाराचं काम घ्याल. त्या कामात कमीपणा काहीच नाही, पण त्यासाठी तुम्ही कर्ज काढलेलं नसेल. ज्या दारातून आत जायला कर्ज घेतलं तेच दार हप्त्यामुळे बंद होतं, आणि एवढ्या मोठ्या कर्जाला माझा खरा विरोध या कारणासाठी आहे.

शिवाय या धंद्यात काम प्रोजेक्टवर चालतं. चित्रपट संपला की करारही संपतो. नावाजलेलं नाव हाही विमा नाही. ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्यांच्या कामाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. ब्लू स्काय हा ॲनिमेशन स्टुडिओ २०२१ मध्ये बंद झाला. २०२५ च्या सुरुवातीला टेक्निकलर हा व्हिज्युअल इफेक्ट्सचा समूह कोसळला तेव्हा तर अनेक देशांतले लोक एका झटक्यात घरी बसले. अशा धंद्यात पहिली पाच वर्षं डोक्यावर हप्ता कमी आणि गाठीशी रोकड जास्त असलेली बरी. एआयमुळे पुढे काय होईल याचा अंदाज मी बांधत नाही, पण त्या अनिश्चिततेनेही पारडं मोठ्या कर्जाच्या विरुद्धच झुकतं.

इथे थोडं विषयांतर, कारण मला हा हिशेब गमतीचा वाटतो. १९२९ च्या सुमाराला वॉल्ट डिस्नीने आपल्या ॲनिमेटरना शूनार्ड आर्ट इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या वर्गांना पाठवायला सुरुवात केली, स्टुडिओच्या खर्चाने. १९३२ मध्ये तर डॉन ग्रॅहम या शिक्षकाला स्टुडिओतच बोलावून वर्ग सुरू केले. जिवंत मॉडेल समोर, आणि दिवसभर उंदीर-बदकं काढलेली मंडळी रात्री माणसाचं शरीर शिकतायत. म्हणजे रेखाटन शिकवायचा खर्च तेव्हा मालकाच्या वहीत पडला होता. आज तोच खर्च बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याच्या वहीत येतो, व्याजासकट. तुमच्या दैवतांपैकी घिबलीचे एक संस्थापक हायाओ मियाझाकी १९६३ मध्ये जपानच्या तोएई स्टुडिओत लागले ते इनबिटवीनर म्हणून, आणि त्यांची पदवी होती राज्यशास्त्र-अर्थशास्त्राची. त्यावरून "पदवीची गरजच नाही" असा निष्कर्ष मी काढत नाही. तो काळ वेगळा होता आणि माणूसही. पण स्टुडिओ विकत काय घेतो, ते यातून दिसतं.

तो घेतो पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या निवडक कामाचा संग्रह. म्हणून त्या संस्थेचा हिशेबही त्याच मापाने करा. माहितीपत्रकातल्या इमारतीचे फोटो बाजूला ठेवा आणि हे विचारा: आठवड्याला लाइफ ड्रॉइंगचे, म्हणजे जिवंत मॉडेल समोर ठेवून रेखाटनाचे, किती तास? वर्गात किती विद्यार्थी? शिक्षक स्वतः पेन्सिल घेऊन तुमच्या पानावर दुरुस्ती करतो की शेवटी नुसते गुण देतो? नंतर एकूण खर्चाला अशा तपासलेल्या तासांनी भागा. माझ्या अनुभवात हा भागाकार फी भरण्यापूर्वी कोणीच केलेला नसतो. तोच भागाकार संध्याकाळच्या फिगर ड्रॉइंगच्या वर्गाचा करा, आणि कामात असलेल्या एखाद्या ॲनिमेटरला पैसे देऊन महिन्यातून एकदा पोर्टफोलिओ दाखवायचा त्याचाही. संस्थेच्या रकमेत ओळखी, सोबतचे विद्यार्थी आणि नाव यांची किंमतही धरलेली असते, ते मान्य. पण ती किंमत नेमकी किती, हे या भागाकारातून कळेल. मागच्या दोन तुकड्यांचे शोरील, म्हणजे निवडक कामाच्या छोट्या चित्रफिती, मागून घ्या आणि ते विद्यार्थी आज कुठे काम करतात ते स्वतः शोधा. मध्येच सोडलं तर फीचं काय होतं, तेही लेखी घ्या.

आता तुमच्या नऊ महिन्यांकडे येऊ. तुमच्या वयाला ही शिल्लक चांगली आहे. त्यातले तीन महिने बाजूला काढा. त्यांना आजारपण किंवा अचानक आलेली अडचण याखेरीज हात लावायचा नाही. उरले सहा. त्यातला एक महिन्याचा खर्च फिगर ड्रॉइंगच्या वर्गाला आणि त्या ॲनिमेटरच्या तपासणीला द्या. उरले पाच. फ्रीलान्समधून एक तृतीयांश निघतं, म्हणजे शिल्लकेतून दरमहा दोन तृतीयांशच लागतं. पाचाला दोन तृतीयांशांनी भागलं की साडेसात येतात. साडेसात महिने, एक पैसा कर्ज न काढता, तुम्ही मुख्यतः चित्र काढत बसू शकता. हा वेळ तुम्ही आधीच कमावून ठेवलाय, फक्त तुमच्या वहीत तो "बचत" या नावाने पडून आहे.

साडेसात महिन्यांत काय होतं? सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं, ज्याला तुम्ही लोक "ऑन टूज" म्हणता, तर सेकंदाला बारा चित्रं. तीस सेकंदांच्या तुकड्याला ३६०. दिवसाला आठ पक्की चित्रं धरली तर पंचेचाळीस दिवस. रफ, दुरुस्त्या, कंटाळा आणि सर्दी-खोकला धरून तीन महिने म्हणा. उरलेल्या साडेचार महिन्यांत रोज अर्धा तास एकेक मिनिटाचं जेश्चर, म्हणजे शरीराची ढब पकडणारं झटपट रेखाटन, केलंत तर आठवड्याचे पाच दिवस मोजूनही तीन हजारांच्या आसपास आकृत्या होतात. माझ्या क्लायंटचं मत मागितलं तर ती म्हणाली, तीस सेकंदांचा तुकडा कशाला, आठ सेकंदांचा कर. पण त्यात पात्राने हाताने काहीतरी करायला हवं. बाटलीचं घट्ट झाकण उघडायचं, सुईत दोरा ओवायचा. शोरील पाहणारा पहिल्या दहा सेकंदांत ठरवतो, असं तिचं म्हणणं. हिशेब माझा, सल्ला तिचा. दोन्हींत फरक पडला तर तिचं ऐका.

टॅब्लेटचं लवकर उरकतो. घेतल्या दिवसापासून किंमत उतरणारी वस्तू व्याज भरून घेऊ नये. जुना, बिनास्क्रीनचा टॅब्लेट चालत असेल तर चालू द्या. स्क्रीनवाला हवाच असेल तर वापरलेला, रोखीने, आणि त्याच्या किमतीइतकं एखादं फ्रीलान्स काम मिळाल्यावर. सॉफ्टवेअरवर आत्ता खर्च नको. क्रिटा आणि ब्लेंडर फुकट आहेत. घिबलीत वापरलेल्या टूंझ या सॉफ्टवेअरवरून आलेलं ओपनटूंझ २०१६ पासून मोफत मिळतं. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरवर झालाय. स्टुडिओला हार्मनी हे विकतचं ॲनिमेशन सॉफ्टवेअर लागत असेल तर तो त्याचं लायसन्स देईल. तोवर थोडी तोंडओळख करून ठेवलीत तरी पुरे.

आईच्या ठेवीबद्दल जरा जपून लिहितो. कागदावर आईचा मुद्दा बरोबर आहे. ठेवीवर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमी असतं, त्यामुळे ठेव मोडणं स्वस्त पडतं. पण तुमच्या शिक्षणाला कर्ज मिळतं, त्यांच्या म्हातारपणाला मिळत नाही. मोडलेली ठेव तुम्ही परत भरून द्याल हे मला मान्य आहे. ती कधी भराल हे मात्र ज्या धंद्यावर अवलंबून आहे, त्याचं वर्णन वर केलंच आहे. शिवाय कर्ज घेतलं तरी सहकर्जदार म्हणून सही बहुधा आईचीच लागेल आणि तुमचा हप्ता चुकला की बँकेचा फोन त्यांना जाईल. दोन्ही वाटांनी भार त्यांच्यावरच येतो, हे त्यांच्यासमोर बसून एकदा मोठ्याने बोला.

कर्जाला माझी कायमची मनाई नाही. साडेसातपैकी पाचव्या महिन्याच्या शेवटी पोर्टफोलिओ निदान दहा स्टुडिओंना पाठवा, लहान-मोठे मिळून. कार्टून सलून आयर्लंडमधल्या किलकेनीत आहे आणि घिबलीत जपानी भाषेवाचून चालणं कठीण, म्हणून ती दोनच नावं यादीत ठेवू नका. उत्तरं आली तर प्रश्नच मिटला. उत्तरं आली नाहीत, किंवा दोन-तीन जणांनी एकच उणीव दाखवली आणि ती घरी बसून भरून निघणारी नसेल, तर अभ्यासक्रमाचा विचार जरूर करा. पण तेव्हा कर्ज दहा पगारांच्या वर नको. तेवढ्यावर वरच्याच हिशेबाने हप्ता पगाराच्या २२ टक्क्यांच्या आसपास बसतो, आणि शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर १७ टक्क्यांवर येतो. उरलेली रक्कम शिष्यवृत्तीतून, कमी मुदतीच्या अभ्यासक्रमातून किंवा एक वर्ष नोकरी करून उभी करता येईल. काहीच जमत नसेल तर ती संस्था आत्ता तुमच्यासाठी महाग आहे, असं समजून दुसरी बघा.

साडेसात महिने संपले की आकडे पाठवा: शिल्लक किती, फ्रीलान्समधून किती आलं, किती स्टुडिओंनी उत्तर दिलं. सोबत नवी पानंही पाठवा, माझी क्लायंट वाट बघतेय. तो कुत्रा पुन्हा नको म्हणाली. हात हवेत.