पापनिवेदन ऐकणारे फादर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कुणी ‘मी खून केलाय’ असं पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करताना) सांगितलं, तर फादर पोलिसांना कळवतात का?

नाही. १२१५च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनं (रोममध्ये भरलेल्या चर्चच्या सभेनं) पापनिवेदनाची गुप्तता फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात ठेवायची शिक्षा सांगितली होती. आज कॅथलिक धर्मगुरूनं जाणूनबुजून ती थेट फोडली, तर तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो. फादर फार तर ‘स्वतः हजर हो’ म्हणून परोपरीनं समजावतील. पश्चात्ताप खरा नाही असं दिसलं तर पापक्षमा देणार नाहीत.

मला याहून कडक वाटतो तो पुढचा नियम. ऐकलेलं उघड न करताही त्या माणसाच्या तोट्यासाठी वापरायचं नाही. आचाऱ्यानं चोरी कबूल केली, म्हणून फादरना त्याला कामावरून काढता येत नाही. आपल्या कायद्यात वकील-अशील संभाषणाला संरक्षण आहे, पापनिवेदनाला तसं स्पष्ट कलम नाही. कोर्टानं विचारलंच, तर गप्प राहण्याची किंमत फादरनीच मोजायची.

प्रश्न : आमच्या पॅरिशचे (स्थानिक चर्चचे) फादर घरी येतात-जातात. त्यांच्यासमोर पापं सांगायला लाज वाटते.

मग दुसरीकडे जा, त्यात गैर काही नाही. परवानगी असलेला कोणताही धर्मगुरू निवडायची मुभा चर्चच देतं. (नुसती दीक्षा पुरत नाही, पापनिवेदन ऐकायला वेगळी परवानगी लागते. माणूस मरणाच्या दारात असेल, तर मात्र कोणताही धर्मगुरू चालतो, धर्मगुरुपद सोडलेलाही.) संकोच जुनाच आहे, सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी मधे जाळी असलेली बैठक रूढ केली. सेमिनरीच्या (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाच्या) रेक्टरनंही, म्हणजे प्रमुखानंही, आपल्याच विद्यार्थ्यांचं पापनिवेदन ऐकू नये, विद्यार्थ्यानं आपणहून मागितलं तरच, असा नियम आहे. हाताखालच्या माणसाला मोकळेपणानं बोलता येत नाही, हे ओळखलंय त्यात.

प्रश्न : पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरना ‘कन्फेसर’ म्हणतात, मग इंग्लंडचा राजा एडवर्ड ‘कन्फेसर’ कसा? तो काही फादर नव्हता.

तिथे अर्थ निराळा. श्रद्धेसाठी छळ सोसूनही जिवंत राहिलेल्यांना आधी असं म्हणत. पुढे हुतात्मा नसलेल्या संतांनाही म्हणू लागले. १०६६मध्ये वारलेला एडवर्ड अंथरुणात गेला. त्याचा सावत्र काका, तोही एडवर्डच, ९७८मध्ये मारला गेला, तो ‘हुतात्मा’.

प्रश्न : आम्ही प्रोटेस्टंट. आमच्यात हे पापनिवेदन का नाही?

क्षमा थेट देवाकडे मागायची म्हणून. पण प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथर यांनी सक्ती तेवढी काढली, प्रथा नव्हे. ते स्वतः विटेनबर्गचे पाळक बुगेनहागेन यांच्याकडे पापनिवेदन करत.