गाऊटमध्ये सोया बंदच करायचं का?

मटण सोडलं, आता घरचे म्हणतायत सोयाबीन पण बंद कर, मग प्रोटीनसाठी खायचं काय, असं विचारलंय तुम्ही. मला बरीच वर्षं गाऊट आहे, युरिक ॲसिड उतरवायची गोळी चालू आहे आणि टोफू (सोया पनीर) मी नेहमी खातो. सरसकट बंद करायची काही गरज नाही, फक्त सोयाचा प्रत्येक पदार्थ वेगळा धरा.

भीती असते प्युरिनची, म्हणजे अन्नातला असा घटक की ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं आणि ते सांध्यात साचून गाऊट होतो. कोरड्या सोयाबीनमध्ये ते १०० ग्रॅमला १७० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, खरंय, पण कोरडे दाणे खातं कोण? भिजवून शिजवले की ते पाणी पिऊन फुगतात, त्यामुळे तेवढ्याच वजनाला प्युरिन बरंच कमी येतं, आणि टोफू करताना तर दूध फाडून पाणी दाबून काढतात, त्यात अजून निघून जातं, म्हणून टोफूत २०-३० मिलिग्रॅमच उरतं. सोया दूधही त्याच रेंजमध्ये, फक्त बिनसाखरेचं घ्या कारण साखरेतल्या फ्रुक्टोजनं युरिक ॲसिड वाढतं आणि दोष मात्र बिचाऱ्या सोयाला.

जपायचं ते सोया चंक्सना. तेल काढलेल्या पिठाचे असतात, सगळं आटून एकवटलेलं. गरम पाण्यात भिजवा, घट्ट पिळा, ते पाणी फेकून द्या, रश्श्यात अजिबात ओतू नका. आणि वाटीभरच, तेही मटणाच्या जागी, त्याच्या जोडीला नाही. सोयाच्या प्रोटीन पावडरचंही तसंच, मी तरी घेत नाही.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांचा १२ वर्षांचा अभ्यास आला होता, त्यात मांस-मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, पण डाळी-शेंगांसारख्या प्युरिनवाल्या शाकाहारी पदार्थांनी धोका वाढलेला दिसला नाही. (बियर पिणारे मित्रच आपल्याला सोयाबीनवर लेक्चर देतात, ते वेगळंच.)

तसंही युरिक ॲसिड बहुतेक शरीरातच तयार होतं, पथ्यानं थोडंच उतरतं, त्यामुळे टोफू खातोय म्हणून गोळी सोडू नका, रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड ६ (mg/dL) च्या खाली आहे ना ते बघत राहा. पायाचा अंगठा ठणकत असेल त्या दिवसांत नवीन काही ट्राय करू नका. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि थायरॉईडची गोळी घेत असाल तर ती आणि सोया यांच्यात चारेक तासांचं अंतर ठेवा.