जुना ड्रम सेट साफ करताना शिक्के, सह्या आणि पाट्या कशा वाचवायच्या

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून दोन-तीनदा पाहिले. गोव्यातल्या साखळीच्या घरात माळ्यावर मामांचा सेट सापडला: प्रीमियर या ब्रिटिश कंपनीचा बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), दोन टॉम (मधले छोटे ड्रम) आणि लुडविग या अमेरिकन कंपनीचा क्रोमचा स्नेअर (खाली तारा असलेला, कडक आवाजाचा ड्रम). गणपतीच्या चवथीपूर्वी तो वाजता करायचा आहे आणि गॅरेजवाला मित्र म्हणतो, थिनर आणि पॉलिश मारून एका दिवसात आरशासारखा करून देतो. त्याला कृपा करून थांबवा. क्रोम पुढच्या वर्षीही चमकवता येईल, पण शेलच्या, म्हणजे ड्रमच्या पोकळ अंगाच्या, आत पेन्सिलीने लिहिलेलं पुसलं गेलं की कुठूनही परत आणता येत नाही.

हे मी स्वतः करून बसलो आहे म्हणून सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका वादकाचा स्नेअर त्यांच्या पत्नीने माझ्याकडे दिला. वादक वारले होते, मुलाला तो वाजवायचा होता. आत काळपट डाग होते, मी थिनरचा बोळा फिरवला आणि लाकूड छान उजळलं. ड्रम परत नेला तेव्हा बाईंनी तो उलटा करून आत पाहिलं आणि विचारलं, "ह्यांनी तारखा लिहिल्या होत्या त्या कुठे गेल्या?" मुंबईत जिथे जिथे ते वाजवायला जायचे, त्या रात्रींच्या तारखा होत्या त्या. मला ते डाग वाटले होते. त्या दिवसापासून कुठलाही ड्रम हातात आला की आधी टॉर्च घेतो, फडकं नंतर.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. संध्याकाळी खोलीत अंधार करा, हेड (वाजवायचा ताणलेला पडदा) काढलेल्या शेलमध्ये टॉर्च अगदी आडवा धरा, प्रकाश लाकडाला घासून जाईल असा. समोरून न दिसणारी पेन्सिल, खडूचा आकडा, शाईचा पुसट शिक्का आडव्या उजेडात वर येतो. प्रत्येक खुणेचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. गोव्यातल्या जुन्या सेटवर बरंच काही असतं. आपले कितीतरी वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत वाजवत होते, धोबी तलावच्या कुडांत (गोव्याच्या गावांनी चालवलेल्या वसतिगृहांत) राहत होते, आणि त्यांची वाद्यं त्यांच्याबरोबर गावी परत आली. त्यामुळे दुकानाचा कागद, दुरुस्ती करणाऱ्याची सही, बॅण्डचं नाव, ट्रंकेवरचा रेल्वेचा चिकटा, हे सगळं सेटचाच भाग धरा.

लुडविगच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्यांच्या बॅजवर (शेलवरच्या कंपनीच्या पाटीवर) साधारण १९६३ च्या अखेरीपासून नंबर आला, आणि लोक तो नंबर पाहून साल सांगतात. पण कारखान्यात बॅज क्रमाने लावले जात नसत, हाताला येईल तो लागायचा. त्या काळच्या लाकडी शेलच्या आत शाईने मारलेला तारखेचा शिक्का असेल तर तो नंबरापेक्षा जास्त भरवशाचा. तुमचा स्नेअर धातूचा आहे, त्यात लाकडासारखा शिक्का दिसेलच असं नाही, तरी आत पाहिल्याशिवाय ओला कपडा लावू नका. शाईवर स्पिरिट, पाणी, साबण काहीच नको. अशा जागेभोवती दोन बोटं सोडून कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस.

आता खोलणं. प्रत्येक लग (शेलवरचा धातूचा ठोकळा, ज्यात हेड ताणणारा रॉड फिरतो), प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथेच परत जायला हवा. मी अंड्याचा क्रेट वापरतो, एका खळग्यात एका लगचं सामान, आणि चिठ्ठी दोऱ्याने बांधतो. चिकटपट्टी रॅपवर (शेलभोवती गुंडाळलेल्या रंगीत पत्र्यासारख्या आवरणावर) किंवा शिक्क्याजवळ कधीच लावू नका, काढताना ती रंग घेऊन येते. जुन्या प्रीमियरच्या रॉडचे आटे ब्रिटिश मापाचे असू शकतात, म्हणून बाजारातला नवा रॉड जोर लावून फिरवू नका. आटे गेले की मूळ लग गेला. बॅज मात्र काढायचाच नाही. तो बहुतेक मधल्या हवेच्या छिद्राच्या कडीने शेलला पकडलेला असतो, ती कडी एकदा उघडली की पहिल्यासारखी बसत नाही.

लग निघाल्यावर त्याखालचा रॅप पाहा. तिथे उन्हाची आणि सिगरेटच्या धुराची झळ पोहोचलेली नसते, म्हणून मूळ रंग तसाच राहतो. तुमच्या टॉमचा मोत्यासारखा पांढरा रॅप आज पिवळा झालाय, खाली तो थंड, दुधाळ पांढरा सापडेल. वरचा पिवळेपणा बहुतेक रॅपच्या अंगात मुरलेला आहे, घासून जाणार नाही. ब्लीच, पेरॉक्साइड यांच्या मागे लागू नका. वरचा मेणचट थर मात्र निघतो: कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ सुती कपडा घट्ट पिळून, एक हातभर भाग पुसा, लगेच कोरड्या कपड्याने टिपा. जोडाच्या रेषेवर पाणी थांबू देऊ नका, आतला गोंद सुटतो. त्या काळचे बरेचसे रॅप सेल्युलॉइडचे आहेत. कोपरा बोटाने जोरात घासला की कापरासारखा वास आला तर ओळखा. ॲसिटोन किंवा थिनर लागलं तर ते विरघळतं, आणि ते भयंकर पेट घेतं, म्हणून हीट गन, दिवा, उदबत्ती, सगळं लांब ठेवा.

क्रोमला वेगळी काळजी लागते. लोखंडी हूपवर (हेड दाबून धरणाऱ्या कड्यावर) तपकिरी गंज असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. ती क्रोमपेक्षा मऊ असते, ओरखडे येत नाहीत. पण स्नेअरच्या शेलवर पांढरी भुकटी आणि बारीक खळगे दिसतायत, तो गंज नाही. लुडविगचे सुरुवातीचे असे स्नेअर पितळेवर क्रोम होते, पुढे ॲल्युमिनियमवर क्रोम आले, आणि ॲल्युमिनियमवरचं क्रोम आपल्या खाऱ्या हवेत फुगून सुटतं. त्याला घासणं म्हणजे उरलेलं क्रोम उचकटणं. कोरड्या ब्रशने भुकटी काढा, पातळ कारनौबा मेण लावा आणि तसंच राहू द्या. व्हिनेगरमध्ये फक्त लोखंडी रॉड आणि स्क्रू बुडवा. लग सहसा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात, ॲसिड त्यांना खातं. नवं प्लेटिंग करून घेण्याचा विचार पूर्णपणे सोडा. प्लेटिंगआधी बफ करतात आणि हूपवर कोरलेली आद्याक्षरं, कंपनीची अक्षरं त्यातच जातात.

बॅजला पितळ साफ करायचं पॉलिश नको. खोबणीत भरलेला काळा रंग आणि वरचं लॅकर ते दोन्ही काढतं. ओलसर कापसाच्या काडीने अक्षराभोवतीचा मळ उचला. झांजांचंही तेच, वरची शाईची छाप एका घासण्यात जाते.

दुकानाच्या कागदाची कड उचलली आहे असं तुम्ही लिहिलंय. फेव्हिकॉल लावू नका, तो परत सोडवता येत नाही. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ सुईच्या टोकाने कडेखाली सरकवा, वर टिपकागद ठेवून बोटाने दाबा. अगदी थोडीच, कारण जाड खळीवर पावसाळ्यात बुरशी येते आणि कसर लागते. शेलमधली बुरशी मास्क लावून मऊ ब्रशने, खुणा टाळून काढा. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात लाकूड सावलीत, पंख्याखाली चार-पाच दिवस राहू द्या. उन्हात ठेवलंत तर रॅप आकसेल, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलंत तर बुरशी परत येईल.

बास ड्रमच्या पुढच्या चामड्यावर ब्रशने रंगवलेलं बॅण्डचं नाव आहे, त्याचा रंग सुटतोय. त्याला मी तुमच्या जागी हातही लावला नसता. हूपसकट ते सपाट गादीवर ठेवा, वर सुती पंचा घाला, आणि वाजवण्यासाठी नवं हेड बसवा. जुनी हेडं, फेल्टच्या पट्ट्या, मोडके स्क्रूसुद्धा पिशवीत नीट ठेवा.

माळ्यावरच्या घुमटाचंही (मातीच्या, चामड्याने मढवलेल्या वाद्याचं) विचारलंत. चामडं घोरपडीचं असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते येतं, म्हणून विकायच्या किंवा कुणाला पाठवायच्या आधी वनखात्याला विचारा. हल्ली घुमटं बकरीच्या चामड्याने मढवतात. मातीचा भाग धुऊ नका, कोरड्या ब्रशने तोंडाजवळची धूळ काढा. तळाशी कुंभाराच्या बोटाचे ठसे असतील, तर त्यांचाही फोटो काढा आणि इथे टाका, मला ते पाहायचे आहेत.