नदी बघून आलीस का?

प्रिय पोरी,

'ताई, इथे काहीच नाहीये हो,' एवढाच तुझा मेसेज, आणि खाली खिडकीतून काढलेला अंधाराचा फोटो. दुपारी साडेचारचा! खोटं कशाला बोलू, २०१४च्या डिसेंबरात मीही आईला फोनवर हेच सांगितलं होतं. कॅनडातलं प्रिन्स जॉर्जसारखं गाव, व्हँकूवर पावणेआठशे किलोमीटर लांब, विद्यापीठ टेकडीवर, चहूकडे स्प्रूसची झाडं, आणि वारा फिरला की कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांचा कुजक्या अंड्यांसारखा वास. पुण्यात वाढलेल्या मुलीला हे अंगवळणी पडायला वेळ लागणारच.

थंडीचं आधी उरकते. जाकीट जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलंस तरी चालेल, बुटांत मात्र काटकसर नको. ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस. दुपारी बारा ते दोन जो काय उजेड असतो त्यात चालून ये, अभ्यासाला अंधार पुष्कळ पडलाय. उणे तीसमध्ये नाकातले केस गोठतात. त्याची गंमत वाटायला लागली की समज, रुळलीस.

माझी खरी फजिती वेगळीच होती. पहिल्या सत्रात नेचाको नदीवर निबंध लिहायचा होता. मी ग्रंथालयात ठाण मांडून वीस पानं लिहिली. आलेख, नकाशे, सगळं नीटनेटकं. सरांनी वही परत दिली तेव्हा शेवटच्या पानावर पेन्सिलीने एकच ओळ होती: 'नदी बघून आलीस का?' नदी बसने वीस मिनिटांवर. मी गेलेच नव्हते. गुण किती मिळाले ते विचारू नकोस.

त्या शनिवारी कॉटनवुड बेटावर गेले. तिथून जवळच नेचाको फ्रेझरला मिळते. उन्हाळ्यात फ्रेझर गढूळ आणि नेचाको त्या मानाने नितळ, दोन्ही रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहतात. त्या भागातल्या मूळच्या क्लेटली टेने लोकांच्या नावातच हा संगम आहे. कडेला बर्फाची साय धरली होती. एक आजोबा कुत्रा फिरवत होते. मी म्हटलं, नदी मोठी आहे. ते म्हणाले, 'ही अर्धी. उरलेली डोंगरापलीकडे गेली.'

मग मी पुन्हा ग्रंथालयात गेले, पण या वेळी प्रश्न घेऊन. १९५२मध्ये केनी धरण बांधून नेचाकोचं पाणी अडवलं, डोंगरातून १६ किलोमीटरचा बोगदा खोदून ते पश्चिमेला केमानोच्या वीजघरात सोडलं, आणि त्या विजेवर किटिमॅटचा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना उभा राहिला. तिथल्या मूळच्या चेसलाटा लोकांना त्या एप्रिलमध्ये जेमतेम दोन आठवड्यांत घरं सोडावी लागली. पुढे त्यांच्या पूर्वजांच्या कबरीही पाण्याने धुऊन नेल्या.

वाचता वाचता माझ्या पोटात खड्डा पडला. पूर्वेकडे जाणारी नदी अडवायची, डोंगर पोखरून पाणी पश्चिमेला उतरवायचं, वाटेत वीज करायची. अगं, ही तर आपली कोयना! मी चिपळूणची. आमच्या वाशिष्ठीला भर मे महिन्यातही पाणी असतं, त्याच पाण्यात मी पोहायला शिकले. ते पोफळीच्या वीजघरातून येतं हे शाळेत पाठ केलं होतं, पण ते पाणी अडवताना घाटावरच्या कुणाची गावं उठली, हा प्रश्न मला चिपळुणात कधी पडला नाही. तो पडायला नेचाकोच्या काठावर जावं लागलं. तिथे मी पाणी गमावलेल्यांकडे बघत होते, आणि स्वतः पाणी मिळालेल्यांच्या बाजूची होते.

त्यानंतर मी फिरायलाच लागले. शंभरेक किलोमीटरवर व्हँडरहूफला स्टर्जन माशांचं प्रजनन केंद्र आहे, ते मी गेले त्याच वर्षी सुरू झालं होतं. हा मासा शंभर वर्षंही जगतो. नेचाकोत म्हातारे स्टर्जन आहेत, पण पिल्लं जगतच नाहीत. म्हणून केंद्रात वाढवून नदीत सोडतात आणि सोडायला शाळेतली पोरं येतात. मी एक पिल्लू हातात धरलं होतं. अंगावर हाडांच्या टोकदार ओळी, हाताला खवणीसारखी लागली.

गावातल्या मोठ्या बागेतही जा. तिथे क्लेटली टेनेंचं गाव होतं, १९१३मध्ये ते जाळलं. मी पोचले तेव्हा बागेला फोर्ट जॉर्ज म्हणत. २०१५मध्ये त्या लोकांचं नाव दिलं. पाटी बदलताना गावात झालेली कुरबुर मी माझ्या कानांनी ऐकली आहे. तेही शिक्षणच.

आणि 'छोटं विद्यापीठ' असं नाक मुरडून म्हणू नकोस. सोळा हजारांवर लोकांनी पाच-पाच डॉलर देऊन सह्या केल्या, तेव्हा कुठे प्रांताच्या उत्तरेला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. छोटं असण्याचा तोटा एकच: वर्गाला दांडी मारलीस तर सगळ्यांना कळतं. विद्यापीठाचं ब्रीदवाक्य तिथल्या मूळच्या लोकांच्या दाकेल भाषेत आहे, अर्थ साधारण 'तोही जगतो'. दाकेलचा वर्ग मिळाला तर घे, उच्चार जमणार नाहीत, तरी घे. वर्गात त्यांच्यातले ज्येष्ठ बोलायला आले की फोन बाजूला ठेव. विचारल्याशिवाय रेकॉर्ड करायचं नाही. ते एखादी गोष्ट अर्ध्यावर थांबवतील. पुढचं तुला लगेच हवंच, असा हट्ट धरू नकोस.

आपली मराठी पोरं भेटतीलच. त्यांच्याकडे पिठलं-भात खायला जरूर जा, फक्त दर शनिवारी नको. एक शनिवार नदीला दे. कॉटनवुड बेटावरच्या झाडांच्या जाड सालींत कुणीतरी माणसांचे चेहरे कोरून ठेवलेत, पटकन दिसत नाहीत. किती सापडले ते कळव. मला अकरा सापडले होते.

तुझी,
ताई