पावसाळी मुक्कामासाठी स्टोव्ह बदलताना

तुमच्या डब्यावर चालणाऱ्या कॅम्पिंगच्या गॅस स्टोव्हच्या तुम्ही तीन तक्रारी सांगितल्यात: खटका दाबला तरी ठिणगी पडत नाही, ज्योत पिवळी जळते आणि डब्याच्या जोडापाशी गॅसचा वास येतो. पहिल्या दोन किरकोळ आहेत. पिवळी ज्योत बहुधा जेटमधल्या (गॅस बाहेर येतो त्या बारीक छिद्रातल्या) कचऱ्याने किंवा हवेची भोकं बुजल्याने येते. मात्र रॉकेलच्या स्टोव्हला मारतात तशी पिन इथे मारू नका, छिद्र मोठं होऊन बसेल. वास मात्र गंभीर. आतली रबरी रिंग कडक झाली असेल तर बदला आणि उघड्यावर जोडाला साबणाचा फेस लावून बघा. तरीही बुडबुडे आले तर स्टोव्ह सरळ भंगारात.

नवा घेताना खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. पावसात वैरी असतो तो वारा. बर्नर उघडा नको, त्याला कडा हवी, आणि ज्योत भांड्याच्या जितकी जवळ तितकं बरं.

दुसरी गोष्ट थंडीची. डब्यात गॅस पातळ असतो; वायू होताना तो डब्यातलीच उष्णता ओढतो, डबा गार पडतो आणि ज्योत मंदावते. साधा ब्युटेन उणे 0.5 अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे 12 च्या आसपास, प्रोपेन उणे 42 ला. म्हणून गारठ्यात आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्यावं. दाब सांभाळणारा रेग्युलेटर असला तर डबा गार होत असतानाही ज्योत बराच वेळ एकसारखी राहते, पण मुळातच दाब नसेल तर तो बिचारा काय करणार?

माझं मत विचाराल तर दोघांसाठी नळीचा स्टोव्ह घ्या, म्हणजे ज्याचा डबा नळीने लांब जोडलेला असतो तो. वजन थोडं वाढतं, पण तो बुटका असतो, भांडं डगमगत नाही आणि डबा लांब असल्याने बर्नरला चहूबाजूंनी आडोसा करता येतो. डब्यावरच बसणाऱ्या स्टोव्हला असा वेढा कधीही घालू नका. डबा तापून फुटू शकतो. स्पिरिटचा स्टोव्ह हलका खरा, पण वाऱ्यात पाणी उकळेपर्यंत अंत पाहतो. रॉकेलचा थंडीला दबत नाही, पण पेटवताना भपका उडतो आणि पावसात तंबूच्या आडोशाला तो नकोच.

आडोशाला शिजवताना दोन्हीकडून हवा खेळती ठेवा. ज्योतीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खटका नव्या स्टोव्हचाही दमट हवेत दगा देतो. लायटर कोरड्या पिशवीत ठेवाच, शिवाय चकमक घ्या. ती भिजली तरी पुसून ठिणगी पाडते आणि गॅसला तेवढी पुरते.