प्रशिक्षणाच्या पीपीटीतल्या स्लाइड कमी करण्याआधी एक कोरा कागद घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्यातल्या आशाताईंना नवजात बाळाच्या गृहभेटींचं एक दिवसाचं प्रशिक्षण द्यायचं आहे. वरून साठेक स्लाइडची पीपीटी आली आहे, मागच्या खेपेला जेवणानंतर अर्धा हॉल पेंगत होता, आणि आता ती किती स्लाइडवर आणावी हे तुम्हाला ठरवायचं आहे. मी ही प्रशिक्षणं बरीच वर्षं घेते आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

किती स्लाइड, हा विचार तूर्त बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहा, की प्रशिक्षण संपल्यावर ताई बाळंतिणीच्या घरी गेली तर तिने तिथे नेमकं काय करायचं आहे. 'माहिती असावी', 'जाणीव निर्माण व्हावी' असली वाक्यं नकोत. हाताने, डोळ्यांनी, तोंडाने करायची कामं लिहा. साबणाने हात धुणं. काखेत थर्मामीटर लावणं. झोळीच्या काट्याने वजन करणं. पूर्ण मिनिटभर श्वास मोजणं. नाळ बघणं. बाळ छातीला नीट धरलं आहे का ते बघणं. आणि कुठल्या बाळाला आजच दवाखान्यात न्यायला हवं हे ओळखून आईची आणि सासूचीही तयारी करणं. कागद भरला की एकेक स्लाइड त्याच्याशी लावून बघा. ही स्लाइड यातल्या कुठल्या कामाला उपयोगी पडते? योजनेची उद्दिष्टं, जिल्ह्याची आकडेवारी, कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणारा तक्ता, हे सगळं तिथेच गळतं. ते फेकून देऊ नका, त्याची छापील पुस्तिका करा आणि प्रत्येकीला घरी न्यायला द्या. वाचायचं ते पुस्तिकेत आणि करायचं ते हॉलमध्ये. एकाच फाइलकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की पडदा अक्षरांनी भरतो आणि पुस्तिका म्हणूनही ती फाइल अपुरीच पडते.

लोक पेंगतात त्याला फक्त जेवण कारणीभूत नसतं. पडद्यावर परिच्छेद असला आणि तुम्ही तोच वाचून दाखवत असलात, तर ऐकणारीचं मन एकाच वेळी वाचायलाही बघतं आणि ऐकायलाही. वाचनाचा वेग बोलण्याच्या वेगाशी जुळत नाही, त्यामुळे दोन्हीत अडथळा येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर कैक वर्षं प्रयोग केले. चित्र आणि त्यावरचं बोलणं एवढंच असलं तर माणूस जास्त शिकतो. त्यात तेच बोलणं अक्षरांतही टाकलं तर बऱ्याचदा कमी शिकतो. आपल्याकडे याला एक अपवाद मी पाळते. ज्यांची घरची भाषा माडिया, भिली किंवा पावरी आहे अशा ताया समोर असतील, तर नवे शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत हवेत. कानाला नवा असलेला शब्द डोळ्यांनी दिसला की धीर येतो. पण शब्दच हवेत, परिच्छेद नकोत.

आता एक स्लाइड अगदी जवळून बघू, श्वास मोजण्याची. बहुतेक पीपीट्यांमध्ये तिचं शीर्षक असतं 'श्वसनाचे मूल्यमापन' आणि खाली सात-आठ ठिपके. तिच्या जागी एक व्हिडिओ टाका. उघड्या पोटाचं, शांत झोपलेलं बाळ, पूर्ण साठ सेकंद, आवाज बंद, पडद्यावर एकही अक्षर नाही. सगळ्यांना सांगा, की मनात मोजा, मिनिट झालं की आकडा कागदावर लिहा आणि शेजारणीला दाखवू नका. मग आकडे फळ्यावर मांडा. एकाच बाळाचे ४४ पासून ६८ पर्यंत आकडे आले तर नवल वाटू देऊ नका. खरं शिकणं तिथून सुरू होतं. कुणी पोट वर गेलं की एक आणि खाली आलं की दोन असं मोजलेलं असतं. कुणी अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेली असते, आणि नवजात बाळाचा श्वास मध्येच संथ होतो, मध्येच भरभर चालतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा हिशोब फसतो. हे तुम्ही सांगायची गरज पडत नाही, त्याच एकमेकींना सांगतात. मग तोच व्हिडिओ पुन्हा लावा. दुसऱ्या खेपेला आकडे जवळ येतात आणि हॉलमध्ये एकजणही पेंगत नसते. त्यानंतरच पुढची स्लाइड, त्यावर एकच वाक्य: 'मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास आले तर पुन्हा मोजा, पुन्हा तेवढेच आले तर आजच दवाखान्यात.'

हे सगळं मी गडचिरोलीच्या कामातून उचललं आहे. आशाताई आज ज्या गृहभेटी देतात त्यांचं मूळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या प्रयोगात आहे. ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं गेलं आणि त्या गावांमधला नवजात मृत्यूचा दर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्याच्याही आधी, ज्या सुइणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असलेलं श्वास मोजायचं साधं उपकरण बनवलं होतं. समोरच्या बाईला काय येतं, काय येत नाही आणि तिला काय करायचं आहे, हे बघून साधन घडवलेलं. पीपीटी हेही एक साधनच आहे. तीही तशीच घडवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

शीर्षकांकडे विशेष लक्ष द्या. 'धोक्याची लक्षणे' या शीर्षकातून काहीच कळत नाही. 'दूध ओढायचं बंद झालेलं बाळ म्हणजे धोका' हे शीर्षक शेवटच्या रांगेतली ताई खालचं काही न वाचताही घरी घेऊन जाते. स्लाइडचा निष्कर्ष पूर्ण वाक्यात वर लिहा आणि खाली त्याचा पुरावा द्या: एक फोटो, एक आकृती किंवा एक आकडा. हे मी इतक्या आग्रहाने का सांगते त्याला कारण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया यान परतीच्या वाटेवर कोसळलं आणि त्यात कल्पना चावलांसह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमच्या आवरणाचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला होता, आणि यान वर असतानाच अभियंत्यांनी त्यावर स्लाइड तयार केल्या होत्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक वाचून दिलासा वाटावा असं होतं. आदळलेला तुकडा चाचण्यांमधल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी मोठा होता, ३ घन इंचांच्या जागी अंदाजे १९२० घन इंच, ही गोष्ट ठिपक्यांच्या उतरंडीत अगदी तळाशी बारीक अक्षरांत होती. चौकशी मंडळाने ही स्लाइड आपल्या अहवालात घेतली आणि नोंदवलं, की ती वाचणाऱ्या वरिष्ठाच्या लक्षातही येणार नाही की प्रश्न जिवाचा आहे. अपघात स्लाइडमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण आपल्या स्लाइडवरही बाळाच्या जिवाचीच गोष्ट असते. ती सहाव्या ठिपक्यावर असता कामा नये.

भेटींच्या दिवसांचा तक्ता तर दाखवूच नका. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक वाढीव. हे बऱ्याच जणींना तोंडपाठ असतं आणि तरी तारखा चुकतात. पडद्यावर फक्त एक जन्मतारीख टाका, प्रत्येक जोडीला कालनिर्णयचं पान द्या आणि सहाही भेटींच्या तारखांवर गोल करायला सांगा. पान उलटावं लागतं तिथे गोंधळ होतो, म्हणून जन्मतारीख मुद्दाम महिन्याच्या शेवटची द्या.

फोटोंबद्दल. परदेशी संकेतस्थळावरचं गोरंपान, गुबगुबीत बाळ नको. आपल्याकडचं, आपल्या रंगाचं, आपल्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ हवं, आणि आई-बापाची परवानगी घेऊनच. कावीळ मात्र फोटोवरून शिकवू नका. जुन्या प्रोजेक्टरचा दिवा पिवळट झालेला असतो आणि निरोगी बाळही त्यात पिवळं दिसतं. कावीळ दिवसाच्या उजेडात बघायची, त्वचा बोटाने हलकेच दाबून बघायची, आणि तळहात-तळपाय पिवळे असतील तर अजिबात थांबायचं नाही, एवढं तोंडाने सांगा.

अक्षरांचं थोडं तांत्रिक. फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली असेल आणि आरोग्य केंद्राच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. सगळं युनिकोडमध्ये घ्या, 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांसारखा फॉन्ट वापरा, पॉवरपॉइंटच्या सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच जोडा आणि सोबत पीडीएफ ठेवा. मराठीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजीसाठी पुरेसं असलेलं ओळींमधलं अंतर आपल्याला कमी पडतं. ते वाढवा. २८ पॉइंटपेक्षा लहान अक्षर मी वापरत नाही, कारण 'द्ध' आणि 'ध्द' मागून सारखेच दिसायला लागतात. पंचायत समितीच्या हॉलच्या खिडक्यांना पडदे नसतात, तेव्हा पांढऱ्यावर काळं ठेवा. गडद निळ्या पार्श्वभूमीवरची पिवळी अक्षरं उजेडात विरून जातात. आदल्या दिवशी हॉलमध्ये जाऊन शेवटच्या खुर्चीवर बसून बघता आलं तर उत्तमच.

जेवणानंतरच्या पहिल्या तासाला पडदा बंद. पॉवरपॉइंट चालू असताना कीबोर्डवरचं 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत येते. त्या तासाला बाहुली, थर्मामीटर, झोळी आणि काटा बाहेर काढा. एकीने करायचं, दुसरीने पुस्तिकेतल्या पायऱ्या बघून तपासायचं, मग अदलाबदल. तुम्ही फक्त फिरा आणि हात बघा.

शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद' आणि फुलांचा गुच्छ टाकू नका. ती स्लाइड सर्वांत जास्त वेळ पडद्यावर राहते. तिथे एक प्रसंग द्या: सात दिवसांचं बाळ, कालपासून दूध कमी पितंय, अंगाला हात लावला तर गार लागतंय, सासू म्हणते 'अमावस्या झाल्यावर बघू'. तुम्ही काय मोजाल, सासूला काय सांगाल आणि कुणाला फोन कराल? प्रत्येकीने चार ओळी लिहून द्यायच्या. ते कागद गटप्रवर्तकांकडे, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्यांकडे द्या, म्हणजे पुढच्या महिन्यात कुणासोबत गृहभेटीला जाण्याची जास्त गरज आहे हे त्यांना कळेल.

हे सगळं केल्यावर तुमच्याकडे पंधरा स्लाइड उरतील किंवा पंचवीस. दोन्ही चालतील. श्वासाचा व्हिडिओ मिळाला नाही तर तुमच्या तालुक्यातल्या नवजात कक्षातल्या सिस्टरांना विचारा. आईची परवानगी घेऊन मोबाइलवर एक मिनिट काढून देणं त्यांना अवघड नसतं. चेहरा न घेता फक्त छाती-पोट घ्यायला सांगा.