खुनी पान चारवरच सापडतो, काय करू?

प्रश्न : ताई, आमच्या घरी आजोबांची बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं होती, त्यावर मी वाढले, त्यामुळे रहस्यकथा लिहायची हौस लहानपणापासूनच. आत्तापर्यंत तीन लिहिल्यात. पहिल्या दोन मैत्रिणींना वाचायला दिल्या तर दोघींनी पान चारवरच खुनी ओळखला. मग तिसरीत मी खुनी असा ठेवला की तो शेवटच्या दोन पानांतच येतो, तर म्हणाल्या ही फसवणूक आहे. आता कोणीतरी सांगितलं की चांगल्या कादंबऱ्यांच्या प्लॉटचा अभ्यास कर. तीन अंकी रचना, टप्पे, आलेख वगैरे सगळं लावून बघितलं पण माझ्या लिखाणात काडीचाही फरक पडला नाही. अभ्यास म्हणजे नक्की करायचं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला खरंच आनंद झाला, कारण दोन विरुद्ध चुका तुम्ही स्वतःच करून बघितल्यात आणि त्या दोन्हींचं मूळ एकच आहे. ते आलेख तूर्त बाजूला ठेवा. ते कुठल्याही कथेला लागू होतात, म्हणूनच रहस्यकथेबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही. रहस्यकथेत दोन कथा असतात, एक जी खरोखर घडली आणि दुसरी जी वाचकाला सांगितली जाते, आणि प्लॉटचा अभ्यास म्हणजे या दोन वेगळ्या करून शेजारी शेजारी मांडणं. हे पहिल्या वाचनात जमत नाही, कारण तेव्हा आपण रहस्यात अडकलेलो असतो. पुस्तक संपलं की लगेच दुसऱ्यांदा वाचायला घ्यायचं, आणि सुरुवात शेवटच्या प्रकरणापासून करायची.

कादंबरीच्या आधी एखादी छोटी कथा घ्या, म्हणजे सगळं एका बैठकीत दिसतं. मी नेहमी कॉनन डॉयलची 'सिल्व्हर ब्लेझ' सुचवते, १८९२ सालची, शेरलॉक होम्सची. (पुढे सगळा उलगडा सांगणार आहे, वाचली नसेल तर आधी वाचून या, मी थांबते.)

खरोखर काय घडलं ते आधी लिहून काढा. शर्यतीच्या घोड्याचा ट्रेनर स्ट्रेकर, याचं बायकोला न कळता दुसऱ्या एका बाईवर पैसे उडवणं चालू आहे, कर्ज झालंय, म्हणून तो ठरवतो की आपल्याच घोड्याची पायाची शीर हलकेच कापून त्याला लंगडा करायचा आणि त्याच्या विरुद्ध पैसे लावायचे. त्यासाठी बारीक सुरी मिळवतो, मेंढ्यांवर हात बसवतो, तबेल्यातल्या पोऱ्याच्या जेवणात अफू घालतो आणि रात्री घोडा माळावर नेतो. तिथे काडी ओढतो, घोडा बुजतो, लाथ झाडतो आणि माणूस जागच्या जागी मरतो. घोडा भटकत शेजारच्या तबेल्यात जातो आणि तिथला माणूस तो लपवून ठेवतो.

आता कथा कुठून सुरू होते बघा. आगगाडीच्या डब्यात होम्स वॉटसनला सांगतोय की घोडा गायब आहे, ट्रेनर मेलाय, आणि त्या रात्री तबेल्यापाशी घुटमळणारा एक परका माणूस पकडलाय. म्हणजे जिथे खरी कथा जवळजवळ संपली तिथे सांगितलेली कथा सुरू झाली, आणि सुरू होतानाच तिने हातात एक तयार संशयित ठेवला.

याच डब्यातल्या बोलण्यात पोऱ्याचं जेवण येतं, मसालेदार मटण. आपण वाचतो आणि पुढे जातो. शेवटी कळतं की अफूची चव लपवायला असलाच झणझणीत रस्सा हवा, आणि त्या रात्री घरात काय शिजणार हे बाहेरचा माणूस कसं ठरवणार? ते घरातलंच कोणीतरी ठरवणार. कुत्राही इथेच येतो. परका माणूस दिसल्यावर पोऱ्या कुत्र्याला सोडायला धावतो, तेव्हा आपलं सगळं लक्ष पळणाऱ्या माणसाकडे असतं, पण तबेल्यात कुत्रा आहे ही माहिती तेवढ्यात डोक्यात जाऊन बसलेली असते. पुढे होम्स म्हणतो की त्या रात्री कुत्र्याने काहीच केलं नाही हेच तर विचित्र आहे, तेव्हा वाचकाला ती माहिती नव्याने द्यावी लागत नाही. वर माळ्यावर दोन पोरं झोपली होती ती जागी झाली नाहीत, म्हणजे कुत्रा भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा होता.

मला सगळ्यात आवडते ती बिलाची जागा. मेलेल्या माणसाच्या खिशात बायकांच्या कपड्यांचं बिल सापडतं, दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाचं, एकाच पोशाखाचे २२ गिनी. पोलीस म्हणतात, मित्राचं असेल. मग होम्स स्ट्रेकरच्या बायकोला भेटतो तेव्हा सहज म्हणतो की मी तुम्हाला एका पार्टीत अमुक रंगाच्या रेशमी पोशाखात बघितलंय ना, ती म्हणते माझ्याकडे तसला पोशाखच नाही, तो माफी मागतो, संपलं. आपल्याला वाटतं माणूस चुकला. खरं तर त्याने तिथल्या तिथे खात्री करून घेतली की तो महागडा पोशाख हिच्यासाठी नव्हता.

या तिन्हींत समान काय आहे ते सापडलं की तुमच्या पहिल्या दोन कथांचं उत्तर मिळेल. प्रत्येक क्लू पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो दुसरंच काहीतरी काम करत असतो. मटण हे जेवण असतं, कुत्रा पाठलागासाठी असतो, पोशाख ही गैरसमजाची गंमत असते. तुमच्या कथेत बहुतेक असं झालं असणार की टेबलावरचा तुटलेला चष्मा एका स्वतंत्र वाक्यात आलाय आणि त्या वाक्याला दुसरं कामच नाही, मग वाचक म्हणणारच, हं, हा क्लू.

आणि तिसऱ्या कथेचं म्हणाल तर मैत्रिणी बरोबर बोलल्या. रोनाल्ड नॉक्स नावाच्या लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला पहिलाच हा की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात झालेला हवा. सिल्व्हर ब्लेझमध्ये तर मारणारा घोडाच आहे, म्हणजे त्याचं नाव थेट शीर्षकात! सगळे त्याला शोधत असतात आणि त्याच्यावर संशय कोणी घेत नाही.

अजून एक, मधला भाग. इथे प्रश्न दोन आहेत, घोडा कुठे आणि ट्रेनरला कोणी मारलं. पहिल्याचं उत्तर होम्सला माळावरच्या खुरांच्या खुणांवरून शेवटाच्या बरंच आधी मिळतं, आपल्यालाही कळतं, आणि तरी दुसरा प्रश्न तसाच उभा असतो. त्यामुळे मध्ये कथा ढेपाळत नाही. कादंबरी लांबवायची तर असे तीन-चार प्रश्न लागतात आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी सुटावे लागतात, नुसते जबाबांवर जबाब लिहून पानं भरत नाहीत.

तर वहीत चार रकाने आखा, पान, काय दिसलं, तेव्हा काय वाटलं, खरं काय होतं. उलगड्यातलं एकेक वाक्य घ्यायचं आणि ते मागे कुठे पेरलंय ते शोधायचं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका कादंबरीला तीन आठवडे लागले, पेन्सिलने सगळी पानं भरली. मग हीच वही स्वतःच्या कथेला लावा. उलगड्यातल्या ज्या वाक्याला मागे पानच सापडत नाही तिथे फसवणूक झालेली असते, आणि जिथे तिसरा आणि चौथा रकाना सारखेच भरले जातात तिथे तुमचा खुनी पान चारवर सापडतो.

प्रश्न : माझ्या कथेत पहिल्याच पानावर सून सासऱ्याला मारते हे वाचकाला दिसतं. मग रहस्य उरतं का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : उरतं, फक्त प्रश्न बदलतो. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ सालीच असल्या कथांचा संग्रह काढला होता, आधी गुन्हा दाखवायचा आणि मग तो पकडला कसा जातो ते. आपल्याकडे निशिकांत कामतांचा २०१५ चा हिंदी 'दृश्यम' आठवा. कोणी मारलं ते आपल्याला माहीत आहे, आपण तर त्या कुटुंबाच्याच बाजूने आहोत, पण प्रेत शेवटी कुठे गेलं ही एकच गोष्ट आपल्यापासूनसुद्धा लपवलेली आहे आणि ती शेवटच्या काही मिनिटांत येते. तुमच्या सुनेनेही वाचकापासून काहीतरी लपवलेलं हवं. तिने का मारलं, हे पहिल्या पानावर वाचकाला वाटतं तेच कारण आहे का, की वेगळंच? ते आधी ठरवा, मग पान दोन लिहायला घ्या.